ड्रायव्हरकाका आणि रवंथ

ड्रायव्हरकाकांना सोमवारी काही विचारलं की उत्तर गुरुवारी यायचं. तेही प्रश्नाची आठवण न करून देता. तुम्ही नळाला बादली लावून उभे असाल, ते मागून येणार, "नाय" म्हणणार आणि निघून जाणार. काय नाय, कशाला नाय, ते आपलं आपण हुडकायचं. कर्जतजवळच्या भिसेगावात त्यांची मागची खोली मला भाड्यानं मिळाली, त्या आठवड्यात मी घाबराघुबरा होऊन तीन प्रश्न एकदम विचारले होते. मागच्या दाराला कुलूप लावायचं का? माझी पहाटेची शिफ्ट असते, तुमची झोप मोडेल का? आणि मला लवकर खोली खाली करायला लावाल का? तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, "हो." कुठल्या प्रश्नाचं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी दाराला कुलूप लावायला लागलो, चपला हातात घेऊन घराबाहेर पडायला लागलो आणि बॅग भरून ठेवली. ती बॅग सहा महिने भरलेलीच होती.

मी जालन्याकडचा. आठवीत शाळा सुटली, ती सुटलीच. गावचा एक जण शिळफाट्याजवळच्या कारखान्यात होता, त्याच्या ओळखीनं पॅकिंगला लागलो. घर सोडून इतक्या लांब कधी राहिलो नव्हतो. साहेबानं नुसतं माझ्याकडे पाहिलं तरी मला वाटायचं, आता काढतात.

काका रेल्वेतून रिटायर झालेले. कर्जतच्या पुढे घाट लागतो, तिथे गाडी वर चढवायला मागून जादा इंजिनं जोडतात. काकांची नोकरी त्या मागच्या इंजिनावर गेली. ते म्हणायचे, "मागच्याला रूळ दिसत नाय. तोंडासमोर डब्याचं ढुंगण. पुढचा शिट्टी मारतो ती ऐकायची नि जोर लावायचा." बायको वारलेली, मुलगी वसईला दिलेली. मे महिन्यातही अंगात निळा स्वेटर, कोपरांवर विटलेला. आणि रोज सकाळी साडेपाचला पुढच्या खोलीत प्रार्थना.

प्रार्थना म्हणजे काय ते मला माहीत होतं असं मला वाटायचं. आमचं घर पिढ्यान्पिढ्यांचं ख्रिस्ती, नाताळ-ईस्टरला चर्चला जाणारं. आमच्याकडे प्रार्थना म्हणजे डोळे मिटून मागायच्या गोष्टींची यादी, आणि शेवटी आमेन. काकांकडे मागणं नव्हतं. ते चहा करायचे, कपात ओतायचे, आणि शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, एकच ओळ वाचायचे. मग गप्प. पुन्हा तीच ओळ. पुन्हा गप्प. चहावर चांगली जाड साय धरेपर्यंत हे चालायचं. मग तो गारढोण चहा प्यायचा, की झालं. घड्याळ त्यांनी त्या खोलीत ठेवलंच नव्हतं.

एकदा बाहेरगावचे एक उपदेशक पाहुणे आले होते. त्यांनी काकांच्या घरासाठी, कर्जतसाठी, देशासाठी अशी वीस-पंचवीस मिनिटं मोठ्यानं प्रार्थना केली. आमेन झाल्यावर काकांनी त्यांच्या हातात गार चहा दिला आणि विचारलं, "तुमचं झालं. आता त्याला बोलायला किती वेळ देता?" पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. काका म्हणाले, "हॉर्नवर हात ठेवून गाडी चालवणारा माणूस हाय. घाटात असला जोडीदार नको."

पहिल्याच वर्षी मला कावीळ झाली. घरी कळवलं नाही, कारण ते येऊ शकले नसते आणि आई उपाशी बसली असती. काकांनी तीन आठवडे मला ताकभात भरवला, अंग पुसलं. उलटी झाली की पातेलं धरायला तेच. आभार मानायला तोंड उघडलं की म्हणायचे, "गप पड." मी भिंतीकडे तोंड करून रडायचो. आजारी माणसाची इतकी सेवा मी पाहिलीच नव्हती, आणि ती माझी चालली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते अशा माणसाच्या घरात केलं.

बरा झालो तेव्हा त्यांनी शास्त्र माझ्या मांडीवर ठेवलं. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता, नजर कडेकडेनं जात चालली होती, बारीक अक्षर दिसेनासं झालं होतं.

"वाच."

"काका, माझं आठवीतच सुटलंय. मी अडखळतो."

"म्हणून तर. भराभर वाचणारे लई हायत."

मी पहाटेची शिफ्ट बदलून घेतली आणि अक्षराखाली बोट धरून वाचायला लागलो. एका ओळीला इतका वेळ लागायचा की चहावर साय आधीच धरायची. काका खूष. आयुष्यभर माझ्या अडखळण्याला लोक हसले होते, आणि इथे त्याचसाठी मला निवडलं होतं. मी बॅग रिकामी केली. मनात एक शब्द यायला लागला, तो कोणाला सांगायची लाज वाटायची : शिष्य. मी त्यांचा शिष्य. पहिला आणि एकटा.

दर शनिवारी ते मला एक चिठ्ठी द्यायचे. कागदावर निळ्या पेन्सिलीनं, अंदाजानं काढलेल्या मोठ्या तिरक्या अक्षरांत, त्यांना पाठ असलेली एक ओळ. ती आठवडाभर खिशात ठेवायची. अर्थ विचारायचा नाही. "अर्थ कुठं पळून जात नाय. तू रवंथ कर."

रवंथ म्हणजे नक्की काय ते मला कळत नाही असं त्यांना वाटलं असावं, कारण एका रविवारी ते मला जवळच्या कडाव गावी घेऊन गेले. तिथे एका गोठ्यासमोर आम्ही दोघं दगडावर बसलो आणि म्हशीकडे बघत राहिलो. म्हैस बसली होती, डोळे अर्धे मिटलेले, जबडा फिरत होता. गळ्यातून एक गोळा वर येई, ती चावत राही, गिळे, थोडी थांबे, दुसरा वर येई. पाऊण तास झाला असेल. मला वाटत होतं, कोणी ओळखीचं बघू नये.

घरातून एक बाई बादली घेऊन बाहेर आली. पंचेचाळिशीची, कमरेला पदर खोचलेला.

"काय रं, दोघं दोघं म्हशीला नजर लावायला आलाव का?"

"नाय गं बाई," काका म्हणाले. "शिकायला आलोय हिच्याकडून."

"काय शिकायला?"

"खाल्लेलं परत चावायला."

ती इतकी हसली की बादली खाली ठेवावी लागली. "मंग दूधबी द्याल का शिकून?"

काकांनी तिला सगळं सांगितलं. ओळ, गप्प बसणं, साय. मला वाटलं, ही आता गावभर टिंगल करणार. ती बादलीच्या काठावर हात टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे तुमी नुसतं बसता?"

"नुसतं बसतो."

"मला दिवसभरात कोणी बस म्हणत नाय," ती म्हणाली. "दूध घालायला मी भिसेगावला येतेच टेंपोनं. येऊ का?"

अशी काकी आमच्या खोलीत आली. पहिल्याच दिवशी तिनं दारात सांगून टाकलं, "आमचा देव आमच्या घरी हाय, तो बदलायचा नाय. मी फकस्त बसायला येते." काका म्हणाले, "बसायलाच बोलवलंय." तिला वाचता येत नव्हतं. एक अक्षर नाही. दुधाच्या किटल्या दाराशी ठेवून ती भिंतीला टेकून बसायची, मी वाचायचो, ती ऐकायची.

पहिल्या आठवड्यात तिनं काही म्हटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात ओळ होती, वादळात होडी हेलकावत असताना प्रभू उशी घेऊन झोपल्याची. गार चहा पिताना ती म्हणाली, "उशी कोणी दिली असंल त्याला? होडीत कोण उशी घेऊन जातंय? कोणीतरी घरनं आणली असणार, की हा दमून येईल."

काकांनी तिच्याकडे तोंड केलं. नुसतं तोंड नाही, सगळं अंग वळवलं. चेहऱ्यावर असं हसू, जे मी दोन वर्षांत स्वतःसाठी कधी पाहिलं नव्हतं. "काय म्हणालीस? परत बोल."

त्या दिवसापासून मला ते व्हायला लागलं. पोटात, बरगडीखाली, कावीळ झाली होती तिथंच. मी ती ओळ कितीदा वाचली होती, पण उशी मला दिसली नव्हती. मी बोटाखालचं अक्षर बघत होतो. आणि ही, जिला उशी शब्द लिहिलेला ओळखता आला नसता, ती त्या होडीत जाऊन बसून आली होती.

मग मी मोजायला लागलो. काकांनी तिच्याकडे किती वेळा तोंड केलं, माझ्याकडे किती वेळा. तिला साय असलेला कप आधी दिला का. तिलाही ते शनिवारी चिठ्ठी द्यायला लागले, आणि ती दर आठवड्याला नवी. मला मात्र एकच ओळ चार शनिवार परत परत : "तीच ठेव." कारखान्यात खोक्यांवर पट्टी मारताना माझ्या मनात हेच. मी त्यांचे पाय चेपतो, मी डोळ्यांत औषध घालतो, मी वाचतो, आणि वळून बघायचं ते दूधवालीकडे. कधी वाटायचं, एक दिवस म्हणतील, तू जा, आता हीच बसेल. मग मी कुठे जाणार होतो?

तिला वाचता येत नाही म्हणून तिची चिठ्ठी तिला वाचून दाखवायचं कामही माझंच. शनिवारी दाराशी, किटल्या उचलायच्या आधी, मी तीन वेळा वाचायचो, ती डोळे मिटून पाठ करायची आणि जायची. चिठ्ठी माझ्याकडेच. "मला कागुद घेऊन काय करायचंय?"

पाचव्या शनिवारी काकांनी मला पुन्हा म्हटलं, "तीच." तिला नवी चिठ्ठी. मी उघडली. शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी रुजून वाढतं, कसं ते त्याला ठाऊक नसतं, अशी ती ओळ. हिला शेत, आणि मला? माझी ओळ होती तळ्याकाठी वर्षानुवर्षं पडलेल्या आजारी माणसाची. पाणी हललं की जो आधी उतरेल तो बरा होणार. त्याला प्रभू विचारतात, तुला बरं व्हायचंय का? तर तो हो म्हणत नाही. तक्रार सांगतो, की मला पाण्यात सोडायला कोणी नाही, मी पोचेपर्यंत दुसराच उतरतो. ती तक्रार मला पाठ होती. ओळीच्या शेवटी तो बरा होतो, पण तक्रारीपुढे मी गेलोच नव्हतो.

काकी दाराशी डोळे मिटून उभी होती. मी तिची चिठ्ठी हातात धरली आणि माझी ओळ वाचली. तीन वेळा. मनात म्हटलं, अडकू दे हिलाही.

"लांब हाय रं आजची," ती म्हणाली, आणि किटल्या उचलून गेली. तिची चिठ्ठी मी शर्टाच्या खिशात घातली.

तो आठवडा मी नीट जेवलो नाही. पुढच्या शनिवारी चहा ओतला, मी वाचलं, आम्ही बसलो. साय धरली. काकांनी कप उचलला आणि विचारलं, "काय गं?"

काकी म्हणाली, "मला त्या तळ्यावाल्या माणसाचा राग आला."

काकांचा कप ओठांपाशी थांबला.

"म्हंतो, मला पाण्यात न्यायला कोणी नाय. आरं, इतकी वर्सं तिथंच पडलाय तू. आजूबाजूला सगळे आजारीच. मंग तू तरी कुनाला एकदा ढकलत ढकलत नेलास का पाण्यापरेंत? नाय. हा आपला बघत र्‍हायला, कोण उतरलं, कोण उतरलं." तिनं बोटानं साय बाजूला केली. "तरी त्याला बरं केलंच म्हंतात ना देवानं? तेबी बरंच झालं म्हना. असल्याला कोण बरं करतंय दुसरं."

काकांनी तिच्याकडे तोंड केलं होतं, पण हसू नव्हतं. त्यांनी घोट घेतला. "चहा घ्या," एवढंच म्हणाले.

रविवार गेला. सोमवार गेला. मी बॅग पलंगाखालून ओढून काढली. मंगळवारी सकाळी मी अंथरूण घडी करत होतो, काका दारात आले.

"तुझी होती ती."

"हो."

"तिची कुठाय?"

चिठ्ठी शर्टाबरोबर धुतली गेली होती. खिशातून निघाला तो कागदाचा लगदा, त्यावर फिकट निळा डाग. मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी बोटांनी चाचपला.

"मी काय लिहिलं होतं, मला आता आठवत नाय," ते म्हणाले. खरंच आठवत नव्हतं की कसं, मला कधी कळलं नाही. "जा, तिला सांग."

"काका, मी खोली खाली करू का?"

ते लगदा मुठीत घेऊन निघून गेले.

त्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर मी तसाच कडावला गेलो. काकी शेणी थापत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, की तुमची ओळ मी वाचलीच नाही, माझी वाचली, मुद्दाम वाचली. तिनं हात थांबवले.

"का रं?"

"काका तुमच्याकडे बघतात म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, शेणाचा गोळा येतोय तोंडावर. "येडा का खुळा तू," ती म्हणाली. "आठ दिवस मी त्या दुसऱ्याच्या आजाऱ्याला घेऊन हिंडत होते होय? माझी कुठंय? माझी हाय ती. दे."

"धुतली गेली."

"मंग?"

मी तोंड उघडलं आणि ती ओळ बाहेर आली. सगळी. एकही शब्द न अडखळता. मी ती पाठ केली नव्हती. पण आठ दिवस हेव्यानं ती माझ्या आत फिरत होती, खोक्यांवर पट्टी मारताना, झोप न येता पडल्यावर. हिला हे मिळालं, मला नाही, असं म्हणत म्हणत मी ती इतकी चावली होती की कागदाची गरज उरली नव्हती. दोन वर्षांत माझ्या आत मुरलेली पहिली ओळ ती, आणि ती चोरलेली.

काकी उपड्या बादलीवर बसून ऐकत होती. "ह्यात काय नवं हाय?" ती म्हणाली. "हे आमाला ठावंच हाय. ज्यानं सांगितलं त्यानं शेती केली असंल." मग जरा वेळानं, हात बघत, "पर तो झोपतो म्हंतो ना रं, बी टाकून? मला नाय झोप येत. पोरगं पनवेलला गेल्यापास्नं नाय येत." मग म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितली. तिनं अजून एकदा सांगायला लावली, आणि निघताना काकांसाठी खरवस बांधून दिला. मला नाही.

"खोली खाली करू का"चं उत्तर शुक्रवारी आलं, मी दाढी करत असताना. "नाय."

इतकं झालं म्हणून हेवा गेला असं मात्र झालं नाही. पुढची दोन वर्षं तो माझ्याबरोबर त्या खोलीत बसायचा. काकांनी मला नवी चिठ्ठी दिली, मी तिची तिलाच वाचून दाखवू लागलो, पण चहाच्या वेळी काकांचं अंग तिकडे वळलं की बरगडीखाली तेच. मी तिच्यासारखं काही बोलावं म्हणून रात्री वाक्यं जुळवून ठेवायचो, सकाळी ती तोंडातून निघायची नाहीत. खोटी वाटायची. मग मी गप्प बसायचो आणि बघायचो, आज तरी ते माझ्याकडे वळतात का.

काकांची मुलगी त्यांना न्यायला आली तो शेवटचा शनिवार. औषधं, स्वेटर, शास्त्र, सगळं बांधून झालं होतं. आम्ही तिघं बसलो. मी वाचलं. साय धरली. काका म्हणाले, "काय गं?"

काकी म्हणाली, "आज मला काय नाय सुचत. रडायला येतंय नुसतं. याला विचारा."

काकांनी माझं नाव घेतलं. "तुला?"

दोन वर्षं वाट पाहिली होती त्या क्षणाची. माझ्याकडे काहीही नव्हतं. कुठली ओळ वाचली तेही आठवेना. रात्री जुळवलेलं एकही वाक्य नव्हतं. जे होतं तेच निघालं.

"काका, माझं लक्ष नव्हतं. आजच नाही, कधीच नसतं. तुम्ही तिच्याकडे बघता की माझ्याकडे, हेच मी बघत बसतो. उशीच्या दिवसापासून."

काकांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता याचं उत्तर तिसऱ्या दिवशी वसईहून येणार. पण ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत, स्वेटरच्या बाहीला डोळे पुसत.

"अरे येड्या," ते म्हणाले, "उशीच्या आधीपास्नं मला कोणाचा चेहरा दिसत नाय. तुझा नाय, तिचा नाय. जिकडनं आवाज येतो तिकडं तोंड करतो मी. ती बोलते. तू कधी बोललास?"

काकी पदरात तोंड घालून हसत होती, की रडत होती. मी काकांकडे पाहिलं. गुडघे, खांदे, चेहरा, सगळे माझ्या बाजूला वळलेले होते. मी बोलायला लागलो होतो तेव्हाच वळले असणार.

"बोल," ते म्हणाले. "चहा गार झालाच हाय."